दुर्बिणीचा पदर

सोयाबीन निघालं की आमच्या शिवारातलं ऊन बदलतं. दसऱ्यापर्यंत ते डोक्यावर बसलेलं असतं, मग एक दिवस गुपचूप खांद्यावर उतरतं. मळणीयंत्रं धडधडायला लागतात, बारीक पिवळा भुसा हवेत तरंगत राहतो, आणि संध्याकाळी त्या भुशाआड सूर्य असा काही निवलेला दिसतो, की वाटावं, बघितलं त्याच्याकडं सरळ तर काय बिघडणार आहे? बघू नये. तो निवलेला नसतो, नुसता तसा दिसतो.

परवा असाच भुसा उडत होता आणि पुण्याहून नातीनं तिच्या आईच्या फोनवरून एक फोटो पाठवला. पांढरं वर्तुळ आणि त्यावर चार-दोन काळे ठिपके. खाली लिहिलेलं, ‘आजी, सूर्यावर डाग आलेत. तुला माहीत होतं का?’

मला माहीत होतं का! मी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, ठिपके मोजले, आणि पोटातली जुनी जागा बराबर चरचरली. वीस वर्षं उलटून गेली. ज्या दोघींपायी ते चरचरणं सुरू झालं त्यांतली एक आता नाही, दुसरीचे केस पांढरे झाले. माझेही गुडघे म्हातारे झाले, दात म्हातारे झाले. मत्सर तेवढा अजून तुरुतुरु चालतो.

दोन हजार तीनची दिवाळी होती ती. हिंगोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी आम्ही कळमनुरीकडची माणसं पत्ता सांगताना अजून चुकून परभणी म्हणायचो. मी सेहेचाळीस वर्षांची. सातवी शिकलेली, पण वाचायचा नाद, त्यामुळे स्वतःला गावातली शहाणी बाई समजायची. दोन लेकरं मोठी झालेली, चुलीपासून कोठीपर्यंत माझं राज्य. आणि त्या राज्यात माझी एक सासू होती.

‘माझी’ हा शब्द नीट वाचा. आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना. अठ्ठावीस वर्षं त्या रोज सकाळी माझ्या चुलीपाशी बसायच्या. डाळ निवडत, तूर पाखडत, आणि माझा उद्धार करत. भाकरी जाड झाली, जाळ मोठा झाला, पदर लोंबायला लागला, तुपल्या मायनं तुला काय शिकवलं. मी तोंड वाकडं करायची. कुणी विचारलं तर सांगायची, फार जाच आहे हो सासूचा. पण एखादे दिवशी त्या लेकीकडं नरसीला गेल्या, की माझ्या भाकरी खरंच जाड व्हायच्या. टोकायला कुणी नसलं की हाताला चवच राहत नाही.

आत्याबाईंचा डावा डोळा मोतीबिंदू पिकून कधीच गेलेला. उजव्याचं नांदेडला ऑपरेशन झालं होतं आणि तो असा लख्ख झाला होता, की सुपातला खडा त्यांना ओट्यावरून दिसायचा. त्या एका डोळ्यावर त्यांचं सगळं चाललेलं. मी रात्री त्यात थेंब घालायची. तो डोळा म्हणजे जवळजवळ माझीच वस्तू होती.

आणि मग शैला दुर्बीण घेऊन आली.

शैला माझी धाकटी जाऊ. माझ्या लग्नात नागडा फिरणारा दीर मोठा होऊन नांदेडला नोकरीला लागला आणि तिथं त्यानं ही विज्ञान शिकवणारी बाई पसंत केली. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची दुर्बीण उंदीर-घुशींच्या भरवशावर ठेवायची नाही, म्हणून ती घरी घेऊन आली. फाट्यावर बस थांबली तेव्हा दिरानं वाकळेत गुंडाळलेली ती पांढरी नळी खांद्यावर घेतली होती. पारावरच्या कुणीतरी विचारलं, “काय रं, इहिरीचा पाईप का?” तर हा म्हणतो, “न्हाई, हिच्यातून सुर्व्या बघायचाय.” अख्ख्या गावानं दोन दिवस ते पुरवून पुरवून हसून घेतलं. मी तिसऱ्या दिवशीपर्यंत हसले.

कारण सूर्याकडं बघणं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. ग्रहणाच्या वेळी लोकांनी एक्स-रेच्या फिल्मा डोळ्यांना लावल्या होत्या, काचेवर काजळी धरली होती, कुणी परातीत शेणकाल्याचं पाणी घेऊन बसलं होतं. शैला म्हणाली, “त्यातलं काहीच करायचं नाही. डोळे जातात त्यानं.” तिनं पिशवीतून पुठ्ठ्याचं एक गोल कडं काढलं. त्यात चांदीसारखा चकाकणारा, तलम असा कागद ताणून बसवलेला. हा फिल्टर म्हणे. तो नळीच्या पुढच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला बसवायचा, डोळ्याच्या बाजूला नव्हे. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारही अंगांनी चिकटपट्टी लावायची. नळीच्या पाठीवर आणखी एक बारकी नळी होती, तिचं तोंड तिनं आधीच बंद करून टाकलं होतं, चुकून कुणी त्यातून बघायला नको.

आत्याबाई एका डोळ्यानं हे सगळं निरखत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी दुर्बिणीला पदर घ्यावा लागतो म्हणा की.”

“अगदी तसंच, आई,” शैला म्हणाली.

आई! मी अठ्ठावीस वर्षं आत्याबाई म्हणत राहिले आणि ही चार वर्षांत आई म्हणून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला माळवदावर तिपाई लागली. आमचं घर मातीच्या सपाट माळवदाचं, वर डाळी-पापड वाळवायची जागा. शैला नळी फिरवत होती, पण वर बघत नव्हती, खाली बघत होती. मी शिडीवरून डोकं काढून म्हटलं, “सूर्य आभाळात हाय, शैला. मातीत काय हुडकून राहिलीस?” तिनं मला नळीची सावली दाखवली. सावली लांब पडलीय तोवर नळी वाकड्यात आहे. सावली आक्रसत आक्रसत नळीच्या तोंडाएवढी गोल झाली, की समजायचं सूर्य सापडला. सूर्याला हुडकायचं तर त्याच्याकडं पाठ करायची. ही युक्ती मला इतकी आवडली, की राग आला. मला सुचायला पाहिजे होती ती.

सगळ्यांत आधी आत्याबाईंनी डोळा लावला. आम्हा सगळ्यांना दुसरा डोळा हातानं झाकावा लागतो, नाहीतर मिटताना तोंड वेडंवाकडं होतं. आत्याबाई नुसत्या वाकल्या आणि खुद्कन हसल्या.

“शैलाबाई, ही वस्तू मपल्यासाठीच केलेली दिसतीया. एकच डोळा मागती.”

तो हसण्याचा आवाज मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. बोळक्या तोंडाचा, पोरीसारखा. माझ्या चुलीपाशी तो कधी निघाला नव्हता.

मला शैलानं विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. “अक्का, या ना बघायला.” मी म्हटलं, मला कामं हायेत. दुसऱ्यांदा विचारलं, म्हटलं, नको बाई, आमाला काय कळतंय त्यातलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पुऱ्या तळायला घेतल्या. मला वाटलं चौथ्यांदा विचारेल, हात धरून नेईल. ती विचारायची थांबली! शिकलेल्या माणसांचं हेच वाईट, नाही म्हटलं की त्यांना नाहीच ऐकू येतं.

मग रोजच सुरू झालं ते. सकाळी सडा-रांगोळी झाली की आत्याबाई शिडी चढायच्या. खाली सूप तसंच पडलेलं, चुलीपाशी पाट मोकळा. मी एकटी. भाकरी जाड होत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. जेवताना त्यांचं लक्ष ताटात नसायचं. मी एकदा मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. जेवल्या! मुकाट्यानं जेवल्या. त्या दिवशी मला रडू यायचं तेवढं राहिलं.

मग मी युद्ध सुरू केलं. माळवदाला उजेडासाठी ठेवलेला झरोका बरोबर माझ्या चुलीवर होता. मी कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत सारल्या. धुराचा लोट झरोक्यातून वर गेला. ओल्या काटक्यांच्या धुरानं सूर्य झाकायला निघालेली ती सेहेचाळीस वर्षांची बाई आज मला समोर दिसली, तर मी तिला पाणी पाजीन आणि विचारीन, काहून गं, काय झालंय तुला? वरून शैलाचा आवाज आला, “अक्का, जळण ओलं आहे का? कोरडं आणून देऊ?” आणि तिनं खरंच नवऱ्याला पाठवून कोरड्या तुराट्यांचा भारा टाकायला लावला. तिच्यावर चिडायला जागाच ठेवायची नाही ती. त्यानं जास्त चिडायला व्हायचं.

त्याच झरोक्यातून एक दिवस मी ते ऐकलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या बोलण्यात डाग म्हणजे दागिना. ‘अंगावर डाग किती घातले?’ हे आमच्याकडं लग्नात विचारतात, आणि त्याचा कपड्याच्या डागाशी काही संबंध नसतो. आत्याबाईंचे डाग एका लोखंडी पेटीत होते. पेटीला कुलूप आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सोन्याच्या मण्यांची एकदाणी, पाटल्या, नथ, कुडक्या, असं मी नवी नवरी असताना पाहिलेलं. नंतर पेटी माझ्यासमोर कधी उघडली नाही. पण ती होती, आणि घरातली थोरली मी होते.

तर मी चकल्यांची भाजणी मळत होते आणि वरून आत्याबाईंचा आवाज आला.

“आज डाग किती भरले, शैलाबाई?”

“मोठे तीन, आई. बारके धरून अकरा.”

“काल तर धाच व्हते.”

“एक नवा आलाय. तो बघा, अगदी कडेला.”

“अगं माय! केवढा डाग ह्यो! आन् ह्ये बारके कसे लगटून बसलेत त्याला.”

“मोठा आता आठवडाभरात पलीकडे जाईल.”

“जाऊ द्या. तुमी कागदावर घेतला न्हवं? मंग झालं.” मग शैला म्हणाली, “अक्कांना दाखवायचे का?” आणि आत्याबाई म्हणाल्या, “तिला कुठं येळ हाय. ऱ्हाऊ द्या.”

माझा हात भाजणीतच राहिला.

मोठे तीन. एकदाणी आणि दोन पाटल्या. बारके म्हणजे नथ, कुडक्या. एक नवा आलाय, म्हणजे म्हातारीनं मला न कळू देता नवा करून घेतलाय. आठवडाभरात मोठा पलीकडं जाईल, म्हणजे सुट्टी संपली की एकदाणी नांदेडला. आणि वर कागदावर घेतलाय! माझी तर्कबुद्धी त्या दिवशी इतकी धावली, की तेवढी शाळेत धावली असती तर मीही दुर्बीण घेऊन फिरले असते.

सोन्याचं मला इतकं नव्हतं, हे आज सांगते तर तुम्ही हसाल. होतं, थोडं होतंच. पण खरं टोचलं ते ‘तिला कुठं येळ हाय’. थेंब घालायला वेळ होता, पाय चेपायला वेळ होता. अठ्ठावीस वर्षांत पेटी उघडून एकदा ‘हे बघ कौसे’ म्हणाल्या असत्या, तर मी सोनं तिथंच परत ठेवून पेटीवर बसून राहिले असते. मला माझी सासू पाहिजे होती, बस्स. चार वर्षांच्या पाहुणीनं ती पळवली होती.

दुपारी सगळी सोयाबीनच्या राशीवर गेली. मी घरी राहिले, डोकं दुखतंय म्हणून. दुर्बीण मधल्या खोलीत उभी होती आणि तो चांदीचा कागद पुठ्ठ्याच्या कड्यात, खोक्यात ठेवलेला. मी तो हातात घेतला. त्यात माझं तोंड दिसलं, पण असं वाकडंतिकडं की मलाच ओळख पटेना. बांगडीत नेहमी एक पिन अडकवलेली असायची माझ्या, बायकांच्या असतेच. ती उघडली आणि कागदाला मधोमध टोचली. टच् असा आवाज झाला. एवढासाच. मला वाटलं, उद्या चित्र बिघडेल, शैलाबाईची फजिती होईल, आत्याबाई वैतागून खाली येतील आणि सूप हातात घेतील. एवढाच माझा कट. मनात दुसरं काही नव्हतं, कारण मनाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मत्सराविषयी लोक फार बोलतात, आग म्हणतात, विष म्हणतात. माझा तरी तसा नव्हता. माझा मत्सर पिनेच्या टोकाएवढाच होता. नेम तेवढा सोन्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी कान टवकारून बसले. चकल्या तळत होते, चेहऱ्यावर सात्त्विक भाव. वर शेजारच्या दोन-तीन पोरी आल्या होत्या आणि शैला त्यांना तिच्या शाळेतल्या आवाजात सांगत होती.

“रोज लावण्याआधी फिल्टर आभाळापुढं धरून बघायचा. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तो वापरायचा नाही. का? दुर्बीण ऊन गोळा करते. तेवढ्याशा भोकातून आलेलं ऊनसुद्धा सरळ डोळ्यात उतरू शकतं. आणि डोळ्याच्या आत दुखत नाही, बरं का. नजर जाते तेव्हा माणसाला कळतही नाही.”

तेल चुरचुरत होतं, त्यात पुढचं हरवलं. मग आत्याबाईंचा आवाज आला, स्वच्छ. “सरका गं पोरींनो. आदी मी बघती.”

शिडी मी कशी चढले मला आठवत नाही. एक हात पिठाचा, दुसऱ्यात झारा. वर डोकं निघालं तर आत्याबाई नळीकडं वाकलेल्या, तो लख्ख उजवा डोळा काचेपासून चार बोटांवर.

“आत्याबाई! डोळा लावू नका! त्याला भोक हाय! म्या पाडलंय!”

शेजारच्या तीन माळवदांवर बायका वाळवणं घालत होत्या. तिन्ही माळवदं थांबली.

आत्याबाई सरळ झाल्या. शैलानं माझ्या हातातला झारा घेतला, कारण त्यातून तेल गळत होतं. म्हणाली, “अक्का, बसा आधी. तो कागद मी सकाळीच काढून टाकला. माझ्याकडे दुसरा होता, तो बसवलाय.”

“तुला दिसलं व्हतं?”

“रोज बघते मी.”

“मग उंदरानं केलं असंल म्हणायचं व्हतं की,” मी म्हटलं. मी अशी आहे, कबुली देऊन झाल्यावर पळवाट शोधते.

“उंदीर इतकं गोल टोचत नाही, अक्का.”

पोरी फिदीफिदी हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. “काहून केलंस?” त्यांनी विचारलं.

आता सगळं बाहेर पडलंच होतं. मी रडत रडत म्हटलं, “तुमी सगळे डाग तिला देऊन राहिल्या! मोठे तीन आन् बारके धरून अकरा! म्या ऐकलंय! एकदाणी नांदेडला चाललीया, कागद केलाय तुमी!”

मग शैलानं तोंडावर पदर धरला, तिचे खांदे हलायला लागले, आणि तिनं मला धरून त्या नळीपाशी नेलं. “बघा. हे डाग.”

मी डोळा लावला. चांदीच्या ताटाला किंचित निळी झाक असावी तसा सूर्य होता, गोल, गप्प, आगीचा कुठं पत्ता नाही. आणि त्यावर काळे डाग. मोठे तीन. त्यांना लगटून बारके, तव्यावर उडालेल्या शिंतोड्यांसारखे. एक नवा, अगदी कडेला.

“पृथ्वीपेक्षा मोठे आहेत यातले काही,” शैला कानाशी म्हणाली. “सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे ते सरकत सरकत पलीकडे जातात. दिसेनासे होतात.”

“जात्यासारखा फिरतो त्यो,” आत्याबाईंनी मला बजावलं. जशी काही ती त्यांचीच शेती.

मग शैलानं कागद दाखवले. वाटी उपडी ठेवून काढलेली वर्तुळं, रोजचं एक, आणि आत पेन्सिलचे ठिपके. ठिपके आत्याबाईंनी टाकलेले. अक्षर न आलेल्या हातानं, पण रांगोळीच्या ठिपक्यांना सरावलेल्या हातानं, असे नेमके, की शैला म्हणाली, “माझ्यापेक्षा त्यांचं अचूक येतं. मी नुसती तारीख घालते.” आत्याबाईंनी त्याआधी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. मी घरात लेकरांच्या पेन्सिली झाडून गोळा करायची, कंपासात भरायची. एखादी त्यांच्या हातात द्यावी हे मला अठ्ठावीस वर्षांत सुचलं नव्हतं. हे मला सुचायला पाहिजे होतं, आणि याचा मत्सर मला अजून आहे, आत्ता लिहितानाही आहे.

“आन् डाग म्हणतीस,” आत्याबाई आता सुरू झाल्या. कंबरेवर हात. “कुठले डाग गं, कौसे? तू धाकट्याच्या येळंला नांदेडच्या दवाखान्यात पडली व्हतीस, धा दिस शुद्ध न्हवती तुला, तवाच मोडले की समदे. एकदाणी काय, नथसुदिक न्हाई ठेवली.”

माझा धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एकोणीस वर्षं.

“मग पेटीला कुलूप काहून लावता?” मी कशीबशी म्हटलं.

“मंग काय उघडी टाकू? आत डाग हायेत म्हणून तू पाय चेपतीस!”

तिन्ही माळवदांवर हशा फुटला. पण आत्याबाईंचं व्हायचं होतं अजून. मपल्या एकुलत्या डोळ्यावर उठली भवानी. रातच्याला थेंब घालती आन् सकाळी भोकं पाडती. तीनदा बोलावलं तर पुऱ्या तळीत बसली, वर म्हणती डाग तिलाच दिले. वरणाला मीठ न्हाई ठाऊक हाय मला, जेवले मुकाट, म्हटलं सणाचं कुठं बोलावं. आन् त्या चकल्या! खाली चकल्या जळून राहिल्यात, नाक हाय का न्हाई तुला? पीठ बघ, समद्या माळवदावर केलंस. तुपल्या मायनं तुला...

मी मान खाली घालून ऐकत होते. डोळे गळत होते, पण आत कुठंतरी सगळं जाग्यावर बसत होतं. मीठ कळलं होतं त्यांना. मी नुसती मान हलवत होते, व्हय आत्याबाई, चुकलं आत्याबाई.

मान वर केली तेव्हा मला शैला दिसली. झारा हातात धरून ती उभी होती, आणि आता हसत नव्हती. ती आमच्याकडं बघत होती, आत्याबाईंच्या नाचणाऱ्या हाताकडं, माझ्या पिठाच्या तोंडाकडं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. ते मी आठ दिवस स्वतःच्या तोंडावर वागवत होते.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “मला त्या अशा कधी बोलल्या नाहीत. चार वर्षांत एकदाही नाही. काही सांडलं, चुकलं, तरी ‘ऱ्हाऊ द्या, शैलाबाई’ म्हणतात.”

शहाण्या बाईनं यावर तिच्या पाठीवर हात ठेवला असता. ठेवला मीही, पण तो संध्याकाळी. त्या घटकेला मी काय केलं ते सांगते. जळालेल्या चकल्या बघायला खाली जायचं होतं म्हणून मी शिडीकडं निघाले. मागून आत्याबाई बोलतच होत्या, आता त्या माझ्या लग्नातल्या मानपानापर्यंत पोचल्या होत्या. घाईनं चढलेली ती शिडी मी उतरताना मात्र एकेक पायरी सावकाश उतरले. मध्ये दोनदा थांबले. त्या बोलण्यातला एक शब्दही शैलाच्या कानातून सुटायला नको होता.